मागच्या चाकावरचं साल

सुनेला वाटलं होतं, या घरात सगळ्यात बिनधोक काम कुठलं असेल तर सायकल घासणं. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं आणि तेवढ्यात तिनं दोनदा कानाला खडा लावला होता. एकदा भट्टीसमोर उभं राहून सासऱ्यांना "इलेक्ट्रिक ओव्हन का नाही घेत?" विचारलं म्हणून, आणि एकदा आत्याला, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीला, तिचं वय विचारलं म्हणून. सायकलीचं तसं नाही. ती रागावत नाही, रुसत नाही, जेवायला बसल्यावर टोमणे मारत नाही. शिवाय सुनेची नोकरीच ती होती. संग्रहालयात जुन्या लोखंडी वस्तू राखायचं खातं तिच्याकडे होतं. बेकरीचं दुकान नव्यानं सजवायचं ठरलं आणि पाव पोचवायची जुनी सायकल दर्शनी काचेत मांडायची असं निघालं, तेव्हा भाऊनं ते काम तिच्यावर टाकलं. भाऊ म्हणजे तिचा सासरा, बेकरीचा मालक.

"नुसती चकचकीत नको करू," तो म्हणाला होता. "कुठली, कधीची, तेही शोध. पाटीवर साल टाकू."

पाटीवर बाकी काय लिहायचं ते आधीच ठरलेलं होतं. 'आईची सायकल.' आता आई म्हणजे कोण, हे या घरात बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. भाऊची आई माई. ती चांगली जिवंत आहे, दाराशी खुर्ची टाकून बसलेली असते आणि नव्वदीला टेकली तरी सुईत दोरा स्वतः ओवते. पण पाटीवरची आई ती नव्हे. भाऊच्या वडिलांची पहिली बायको, म्हणजे आत्याची आई, ती पाटीवरची. आत्या चार वर्षांची असताना ती गेली. तिचा एक फोटोसुद्धा घरात नाही. माई नंतर आली, भाऊ तिच्या पोटचा. सावत्रपणा हा शब्द या घरात कुणी उच्चारत नाही, आणि उच्चारत नाहीत म्हणूनच तो कोपऱ्यात कायम बसून असतो.

रविवार होता. दुकान बंद, भट्टी निवलेली. मागच्या अंगणात सायकल सीटवर उलटी उभी करून सून रॉकेलच्या चिंध्यांनी तिचं पोट पुसत होती, आणि वहिनी, म्हणजे तिची सासू, पायरीवर बसून लसूण सोलत होती. खरं तर ती लक्ष ठेवत होती.

"पुढचं चाक एवढंसं का गं? कुणी छाटलं?"

"छाटलेलं नाही. असंच बनवायचे. चाकावर ही एवढी मोठी टोपली, तिच्यात माल. चाक लहान असलं की वजन खाली राहतं, सायकल कलंडत नाही. पाववाले, खाटीक, किराणावाले, यांच्यासाठी विलायतेत खास बनायच्या या. फिरायला नाही, राबायला."

"माझ्यासारखी म्हणजे," वहिनी म्हणाली. "आणि हा पत्रा कसला मधे?"

"त्याच्यावर दुकानाचं नाव लिहायचे. वरचा हिरवा रंग आपला, खालचा काळा कंपनीचा. कंपनीचा बिल्ला मात्र पडलाय. ही दोन भोकं उरलीत बघा, बिल्ल्याच्या खिळ्यांची. दोन भोकांमधलं अंतर मोजलं, पायडलच्या चक्रावरची नक्षी बघितली, तेव्हा कुठे कंपनी कळली."

"भोकांवरून कंपनी ओळखली तू?" वहिनीच्या आवाजात पहिल्यांदाच थोडं कौतुक आलं. "आमच्याकडे भोकांवरून फक्त उंदीर ओळखतात."

सून हसली. हे हसणं तिला बरेच दिवस हवं होतं. त्या भरात ती पुढचं बोलून गेली. "आणि सालही मिळालं. सीटखाली नंबर ठोकलेला आहे. तो मी त्या कंपनीच्या जुन्या सायकली जमवणाऱ्या लोकांना कळवला होता. सकाळीच उत्तर आलं. आणि आत्ता मागच्या चाकाच्या हबवरचं ग्रीस काढलं, तर तिथंही साल ठोकलेलं आहे. दोन्ही जुळतात. सत्तावन्न."

वहिनीचा लसूण थांबला.

"सत्तावन्न म्हणजे एकोणीसशे सत्तावन्न?"

"हो. का?"

"ताईंची आई पंचावन्नला गेली."

सुनेनं हातातली चिंधी खाली ठेवली. तिला तिसऱ्यांदा कानाला खडा लावावासा वाटला, पण हे वय विचारण्याइतकं सोपं नव्हतं. ताई म्हणजे आत्याच. तिची ती आठवण सुनेनंही ऐकली होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आत्यानं तिला या सायकलीपाशी नेलं होतं, टोपलीवर हात ठेवला होता आणि सांगितलं होतं. मी या टोपलीत बसलेय. आई मागून ढकलतेय. रस्ता चढाचा आहे. तिचा हात माझ्या पाठीवर आहे. मी वळून बघायला जाते, तर ती म्हणते, मागे बघू नकोस, तोल जाईल. मी "आई" म्हणते, ती "ओ" म्हणते. एवढंच. चेहरा नाही, साडी नाही, काही नाही. पण ती ओ देते.

सांगताना आत्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आपलं घर दाखवावं तसं तिनं ते दाखवलं होतं.

"आता?" सून म्हणाली.

"आता काय, बोलाव सासऱ्यांना."

भाऊ आला तो पिठाचे हात झटकतच. रविवारीही त्याला कणीक हाताळल्याशिवाय करमत नाही. त्यानं हबवर वाकून बघितलं, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं.

"हे पाच असेल. पुसट झालंय. पंचावन्न असेल."

"सात आहे, बाबा."

"बरं, घासून टाक."

"बाबा, मी घासून टाकायचं काम नाही करत. उलटं करते."

"मग ग्रीस लाव परत. जसं होतं तसं. कुणी उलटी करून बघणार आहे का काचेतली सायकल? सालच नको पाटीवर. जुनी आहे म्हणायचं, बस. झाकली मूठ."

"झाकली मूठ कुणाची?" वहिनीनं विचारलं. ती उठून उभी राहिली होती, आणि वहिनी उभी राहिली की भाऊ सहसा बसतो. "तुमच्या ताईंची की माईंची?"

"माईचा काय संबंध?"

"सत्तावन्नला घरात कोण होतं, सांगा. कुणी ढकलली असेल ती सायकल? शेजाऱ्यांनी?"

भाऊ पायरीवर बसला. हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि तो त्याला दारातच अडवून ठेवत होता.

"ताईकडे तेवढंच आहे गं," तो म्हणाला. "मला अख्खी आई मिळाली, अजून आहे. तिला तेवढा एक रस्ता मिळाला. तो मी हिसकून घेऊ? साठ-पासष्ट वर्षांनी? कशासाठी, एका पाटीसाठी?"

"आणि माईंनी काय घोडं मारलंय? वेण्या घातल्या, परीक्षांना उठवलं, ताई मोठ्या झाल्यावर नोकरी करायची म्हणाल्या तेव्हा मामंजींशी भांडून ती करू दिली. आणि ताई त्यांच्याशी कशा बोलतात ते ऐकताय ना जन्मभर?"

"कशा म्हणजे? एक शब्द उलटा बोललेली नाही ताई माईला."

"तेच तर."

वहिनी या घरात सून म्हणून आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्या ते कानावर पडलं होतं, आणि बाकी कुणाच्याच पडत नाही याचं तिला नवल वाटलं होतं. आत्या माईला 'तुम्ही' म्हणते. माई, तुम्ही जेवलात का. माई, तुमचं औषध घेतलंत का. ऐकणाऱ्याला वाटावं, काय ही अदब. आत्या टेलिफोन ऑपरेटर होती, अख्ख्या शहराला जन्मभर 'तुम्ही' म्हणत आली, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. पण आईला कोण 'तुम्ही' म्हणतं? सासूला म्हणतात. डॉक्टरला म्हणतात. बाईंना, साहेबांना, दारावरच्या अनोळखी माणसाला म्हणतात. आईला 'तू'. भाऊ माईला खुशाल म्हणतो, "माई, तू गप्प बस." आत्यानं कधी म्हटलं नाही. मान देऊन माणसाला किती लांब बसवता येतं, ते वहिनीनं या घरात पाहिलं. दोष द्यायलाही जागा नाही, कारण तक्रार करणार तरी काय, की मला फार मान देतात म्हणून?

"मी नाही म्हणत सांगाच," वहिनी म्हणाली. "पण खोटं मी बोलणार नाही. विचारलं तर गप्प बसेन."

"तुझं गप्प बसणं म्हणजे दवंडीच," भाऊ म्हणाला.

सून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. गंमत म्हणजे मघापर्यंत ती आणि वहिनी दोन बाजूंना होत्या, आता एका बाजूला होत्या, आणि तरी तिला भाऊचंच पटत होतं. एवढ्यात दाराची कडी वाजली. आत्या आली होती, हातात पिवळ्या फुलांचा गुच्छ, टोपलीत ठेवायला.

"काय मसलत चाललीय?" तिनं विचारलं.

"काही नाही," तिघं एकदम म्हणाले.

आत्यानं फुलं पायरीवर ठेवली. नोकरीत तिनं माणसांचे चेहरे कधी बघितलेच नव्हते. नुसते आवाज. कोण रडून आलंय, कोण पैसे मागायला फोन करतंय, कुणाच्या घरी कुणी गेलंय, हे तिला 'हॅलो'वरून कळायचं. तिच्यापुढे खोटं बोलायचं तर लिहून द्यावं लागलं असतं.

"भाऊ, तुझा आवाज पट्टी सोडून वर गेलाय. वहिनी, तू तर बोललीसच नाहीस, नुसते ओठ हलवलेस. आणि ही बिचारी थरथरतेय. काय झालं? सायकल मोडली का?"

"नाही आत्या, सायकल छान आहे," सून म्हणाली.

"साल मिळालं?"

भाऊनं वहिनीकडे बघितलं. आत्या सायकलीजवळ गेली. टोपली खाली होती, चाकं वर. आपली वस्तू अशी पालथी पडलेली तिला आवडली नाही. तिनं पर्समधून वाचायचा चष्मा काढला. ग्रीस काढून फक्त एकच जागा लख्ख केलेली होती, त्यामुळे कुठे बघायचं हे तिला सांगावं लागलं नाही.

ती वाकून बराच वेळ उभी राहिली. भाऊला वाटलं, आता हिला धरावं. पण तो माईचा मुलगा, धरायचं कुठल्या नात्यानं?

"सत्तावन्न," आत्या म्हणाली. आवाज अगदी सरळ होता, कामावर असायचा तसा. "म्हणजे ही आई गेल्यावर आली."

"चाक बदललेलं आहे ते."

हे दारातून आलं. माई काठी न घेताच बाहेर आली होती, एका हातानं चौकट धरून. दुसऱ्या हातात सीटचं नवीन कव्हर होतं, त्याला सुई अजून लटकत होती. ती सगळं ऐकत होती हे उघड होतं. माईला ऐकू कमी येतं असा घरात समज आहे, आणि तो माईनंच पसरवलेला आहे.

"मागचं चाक नंतर घातलं," माई म्हणाली. "मला चांगलं आठवतंय. आधीचं वाकलं होतं, गाडीखाली आलं. मग हे घातलं. सायकल तिच्याच वेळची आहे."

"बघ, मी म्हणत होतो ना," भाऊनं लगेच दोरी पकडली. "चाकं काय, बदलतातच. ताई, सायकल आईचीच."

आत्यानं सुनेकडे बघितलं. "तू शिकलेली आहेस यातलं. चाक बदलता येतं, कबूल. फ्रेमवर नंबर असतो ना? तो काय म्हणतो?"

सुनेनं माईकडे बघितलं. म्हातारी तिला डोळ्यांनी सांगत होती, अगदी स्वच्छ सांगत होती, की बोलू नकोस पोरी. कामाच्या बाबतीत सून एरवी कुणाचं ऐकत नसे. साल कळवणारी माणसं, जुळणारी सालं, संग्रहालयातली सगळी शिस्त तिच्या तोंडाशी येऊन उभी होती, आणि त्या क्षणी तिला ती सगळी नकोशी झाली.

"आत्या, नंबर नीट वाचता येत नाहीये," ती म्हणाली.

"असू दे नंबर," माई म्हणाली. "दूरदेशीच्या लोकांना काय ठाऊक आपल्या घरात सायकल कधी आली. मी सांगते ना. तुझ्या आईनंच तुला नेलं होतं, मी डोळ्यांनी बघितलंय, आमच्या माहेरच्या दुकानावरून गेलात तुम्ही दोघी…"

"खोटं कशाला बोलतेस?" आत्या म्हणाली. "तुला जमतं का ते? आवाज बघ कसा कापतोय तुझा. आणि काठी कुठे आहे? पडशील. बस आधी."

वहिनीनं तोंडावर हात धरला. भाऊला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्यानं उगाचच पायडलला हात लावला, ते गरगर फिरलं. आत्याला मात्र काहीच कळलं नव्हतं. ती चिडलेली होती. तिनं पुढे होऊन माईचा दंड धरला, तिला पायरीवर बसवलं आणि शेजारी स्वतः बसली.

माईनं डोळे मिटून घेतले होते. बोलतेस, तुला, तुझा, पडशील, बस. तिनं एकेक मोजलं नाही, पण एकही सांडू दिलं नाही. रागाचे असले म्हणून काय झालं. परक्या माणसावर कुणी असं ओरडत नाही.

"तूच होतीस," आत्या म्हणाली.

"हो."

"मग नीट सांग."

माईनं कव्हराची सुई काढून पदराला टोचली. "गोवर होता तुला. अंग नुसतं भाजत होतं. मला या घरात येऊन चार महिने झाले असतील-नसतील, आणि तू माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हतीस. तुझे वडील पीठ आणायला बाहेरगावी गेलेले. तुझी शुद्ध जायला लागली तशी मी घाबरले. सायकल काही मला चालवता येत नव्हती, अजून येत नाही. टोपलीत रजई घातली, तुला बसवलं आणि दवाखान्यापर्यंत ढकलत नेलं. नेमका चढ. तू सारखी वळायचीस. तू वळलीस की सायकल तिकडेच जायची. म्हणून म्हटलं, मागे बघू नकोस."

"तोल जाईल."

"हो, तोल जाईल. आणि तू हाका मारत होतीस. आई, आई. तापात विसरली होतीस ती नाही म्हणून. आधी मी गप्प राहिले. ती हाक माझी नव्हती ना. दुसऱ्याच्या नावानं आलेलं आपण कसं घ्यायचं? मग तू रडायला लागलीस. इतकी केविलवाणी रडत होतीस की मग मी…" माई थांबली. "मग मी ओ दिली."

भाऊनं तोंड फिरवलं, त्याला खोकला आला.

"मग मला सांगितलं का नाहीस? बरी झाल्यावर? मोठी झाल्यावर?"

"काय सांगायचं? बरी झालीस आणि गल्लीभर सांगत सुटलीस, आईनं मला सायकलवरून नेलं, आईनं मला ओ दिली. आजारातून उठलेलं पोर, पण चेहरा असा उजळलेला. तुझे वडील म्हणाले, सांगून टाक खरं काय ते. मी म्हटलं, राहू दे. पोरीला आई सापडलीय, आपण कोण काढून घेणारे? मला काय, मी होतेच की समोर. आज नाही उद्या बोलेल, म्हटलं."

"बोललेच ना मी."

"बोललीस की. फार चांगलं बोललीस." माई हसली. "कुणी माझ्याशी इतकं चांगलं बोललं नाही."

आता आत्याला कळलं. तिनं गेल्या काही मिनिटांतलं स्वतःचं बोलणं मनात परत वाजवून बघितलं असावं, कारण तिचे कान लाल झाले. ती काहीतरी सावरायला गेली, "माई, तुम…" आणि तिथंच अडली. परत तिकडे जाता येत नव्हतं. ती माईच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण रडणं अगदी आडदांड, लहान पोरांसारखं. माईनं हात तिच्या पाठीवर ठेवला. तिला काय करायचं ते माहीत होतं.

दुकानाच्या बाजूनं पाटी रंगवणारा हाका मारत होता. त्याला दुपारी बोलावलेलं होतं, आणि तो नेमका वेळेवर आला होता. भाऊ बाहेर गेला. "काय लिहू?" त्यानं विचारलं. भाऊ म्हणाला, "आज नको. आई कुठली ते ठरायचंय," आणि रंगारी बघतच राहिला. वहिनीनं त्याला चहा देऊन बसवलं, कारण आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं.

अंगणात आत्याचं रडणं ओसरलं होतं. तिनं चष्मा पुसला, घातला, परत काढला.

"एक सांगू? वाईट नाही वाटत तू होतीस याचं. बरंच वाटतंय. पण माई, माझ्याकडे तिचं एवढंच होतं. आता काहीच नाही. चार वर्षं होते मी तिच्याजवळ आणि मला तिचं काही म्हणजे काही आठवत नाही. म्हणजे ती नव्हतीच जणू."

"नव्हती कशी?" माई म्हणाली. "मला आठवते की ती."

आत्यानं मान वर केली.

"तुला?"

"अगं, आमचं शिवणाचं दुकान समोर नव्हतं का? बाबा शिवायचे, मी काजं करायचे. रोज पाव आणायला मीच यायचे तुझ्या आईकडे. लग्नाआधी तुझ्या वडिलांना मी दोन शब्दांपुरतीही ओळखत नव्हते, ओळखत होते ती तिला."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. आणि मी आपणहून काय बोलणार? सवतीच्या गोष्टी सांगत बसले असते, तर तूच म्हणाली असतीस, हिला काय हक्क."

म्हणाली असती. आत्यानं ते नाकारलं नाही. सून गुपचूप सायकल सरळ करायला लागली होती, तिलाही थांबवलं नाही. वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि स्वतःशी पुटपुटली, "काखेत कळसा," पुढचं बोलली नाही.

"कशी होती?" आत्यानं विचारलं.

माईनं विचार केला. घाई करण्यासारखं ते नव्हतं. "उंच होती. दार उघडताना वाकायची, गरज नसताना. हिशेब कच्चा, एखादा पाव जास्तच द्यायची. आणि शिटी वाजवायची."

"शिटी?"

"तोंडानं. अगदी पुरुषांसारखी. भट्टीतून पाव काढले की खिडकीत उभी राहून वाजवायची. गल्लीला कळायचं, पाव निघाले. मग आम्ही सगळ्या पोरी पळत सुटायचो. बायकांनी नावं ठेवली, तिनं ऐकलं नाही. ती गेल्यावर तुझ्या वडिलांनी दुकानात कुणाला शिटी वाजवू दिली नाही."

"मला दोन थोबाडीत बसल्यात त्यावरून," भाऊ म्हणाला. तो रंगाऱ्याला सोडून परत आला होता. "मला वाटायचं, गिऱ्हाइकांपुढे बरं दिसत नाही म्हणून."

"कशी वाजवायची?" आत्या म्हणाली. "सूर आठवतो?"

"आठवायला काय झालं, रोजचाच तो." माईनं ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली. नुसतीच हवा आली. तिनं परत मारली. मग कवळी काढून हातात धरली आणि आणखी एकदा प्रयत्न केला, तेव्हा तर थुंकीच उडाली. सून तोंड फिरवून हसली. माईही हसली, कवळी परत बसवली. "दात गेले की सूर जातो. तू वाजव. येते ना तुला?"

"लहानपणी यायची. चोरून वाजवायचे."

"मग वाजव. मी सांगते."

माईनं तो गुणगुणून दाखवला, बसक्या आवाजात, आडवंतिडवं. आत्यानं ऐकलं. ती आवाज ऐकणारी बाई होती, एकदा ऐकलेला सूर ती चुकत नसे, पण ओठ ऐकेनात. पहिली शिटी फुस्स झाली. दुसरी निघाली, पण मधेच तुटली.

"नाही," माई म्हणाली. "एवढी घाबरत नव्हती ती."

आत्यानं पुन्हा वाजवली. दुकानात बसलेला रंगारी चहा पिता पिता थांबला असावा.

"शेवटी खाली आणलीस. खाली नाही. शेवट वर जायचा, कुणाला तरी विचारल्यासारखा."

आत्यानं ओठ ओले केले, भट्टीच्या खिडकीकडे तोंड केलं आणि वाजवली. खणखणीत, लांब, शेवटी वर जाणारी.

माईनं तिच्या हातावर हात ठेवला.

"हां," ती म्हणाली. "आता आली."